जुन्या पिकअपला नवा खटका

अमेरिकेत १९४०-५०च्या दशकांतील फोर्ड, शेवरोले पिकअप गाड्या आजही हौसेने जपल्या जातात. मात्र त्यांचे जुने खटके झिजलेले असतात. अपघातात चौकट पिळवटली की दार उघडून माणूस बाहेर फेकला जाण्याचे भय. नव्या खटक्याचे पोलादी जबडे चौकटीवरील खुंटीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. तो बसविण्यापूर्वी बिजागऱ्या दुरुस्त कराव्यात, खुंटीमागे जाड पोलादी पट्टी जोडावी. प्रथम दार उघडे ठेवूनच खटका चालवून पाहावा. जोडणी चुकली असता लावलेले दार पुन्हा उघडणे कठीण. बँकेतील नोकरीमुळे कुलूप म्हणजे चोराचा बंदोबस्त, एवढेच मी जाणत होतो. येथे मात्र आधी विचार आत बसलेल्या माणसाचा.