मद्यविक्री-निर्बंध, गणवेशधारी सेवकांवरील
कामावर असलेल्या गणवेशधारी सेवकास मद्य न देण्याचे विक्रेत्यावरील बंधन. इंग्लंडमध्ये १८७२ च्या मद्यपरवाना अधिनियमाच्या सोळाव्या कलमान्वये, वरिष्ठांच्या अनुज्ञेविना कामावरील पोलीस शिपायास मद्य पुरविणे हा परवानाधारकाचा अपराध ठरला. लंडनमधील शिपाई कामावर असताना बाहीवर पट्टा बांधीत. विक्रेत्यास तीच खूण असे. शेरास विरुद्ध डी रुट्झेन या खटल्यात (१८९५) शिपायाने पट्टा काढलेला असल्याने तो कामावर नाही, असे मद्यालयचालकाने गृहीत धरले होते. उच्च न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली. अपराधास दोषी जाणीव आवश्यक न मानल्यास कितीही दक्षता घेऊन विक्रेता शिक्षेतून सुटणार नाही, असे न्यायमूर्ती राइट यांचे प्रतिपादन होते. ही तरतूद १९६४ च्या अधिनियमातही होती. २००३ च्या अधिनियमात ती राहिली नाही.