‘नेट स्लो आहे’ : तक्रार करण्यापूर्वी काय मोजावं?

आजचा विषय घराघरातला आहे. मुलाची ऑनलाइन परीक्षा मध्येच अडकते, सुनेची ऑफिसची मीटिंग तुटते, आजोबांचा डॉक्टरांशी चाललेला व्हिडिओ कॉल गोठतो. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं : नेट स्लो आहे. मग आपण कस्टमर केअरला फोन लावतो. पलीकडून ठरलेली तीन उत्तरं येतात. पहिलं, “सर, राउटर रिस्टार्ट करून बघा.” दुसरं, “आमच्याकडून सगळं ओके दिसतंय.” आणि तिसरं, “मॅडम, तुम्ही वरचा प्लॅन घ्या ना!” (हशा)

आता यातलं प्रत्येक उत्तर कधीतरी खरं असू शकतं. अडचण अशी, की ते आपल्या बाबतीत खरं आहे की नाही हे तपासायचं साधन आपल्या हातात नसतं. म्हणून कुणी विनाकारण जास्त पैसे भरतं, तर कुणी कंपनीचा दोष स्वतःच्या माथी घेऊन वर्षभर गप्प बसतं. ‘नेट स्लो आहे’ हे ‘अंगात ताप आहे’ म्हणण्यासारखं आहे. ताप हा रोग नव्हे, ते लक्षण. रोग कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि ते शोधणं वाटतं तितकं अवघड नाही. आज आपण तेच बघणार आहोत.

रस्त्याचे चार टप्पे

आपल्या मोबाइलपासून एखाद्या वेबसाइटपर्यंत जो रस्ता आहे, त्याचे चार टप्पे करू. पहिला टप्पा मोबाइल किंवा लॅपटॉपपासून राउटरपर्यंत, म्हणजे वाय-फाय. दुसरा, खुद्द राउटर आणि भिंतीवरची फायबरची पेटी, जिला ओएनटी म्हणतात. बऱ्याच घरांत हे दोन्ही एकाच डब्यात असतं. तिसरा टप्पा त्या पेटीपासून कंपनीच्या किंवा लोकल केबल ऑपरेटरच्या कंट्रोल रूमपर्यंतची फायबर. आणि चौथा, तिथून पुढे बाहेरच्या जगापर्यंत.

पहिला टप्पा बहुतेक आपला. दुसरा अर्धा आपला, अर्धा कंपनीचा. तिसरा आणि चौथा पूर्णपणे कंपनीचा. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे एकदा कळलं, की तो दुरुस्त कोणी करायचा हेही ठरतं.

आधी, आपण विकत काय घेतलंय?

प्लॅनवर लिहिलेलं असतं १०० एमबीपीएस. यातला ‘बी’ म्हणजे बिट. आपण फाइल डाउनलोड करतो तेव्हा कॉम्प्युटर बहुधा मेगाबाइटमध्ये वेग दाखवतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येणार. डाउनलोडच्या खिडकीत ‘११’ दिसलं म्हणून घाबरू नका, तुमची लाइन उत्तम चालली आहे.

दुसरी गोष्ट, फेअर युसेज पॉलिसी. ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्येही महिन्याला ठराविक डेटा संपल्यावर वेग कमी करण्याची अट असू शकते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट रांगत असेल, तर आधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये वापर किती झाला ते बघा.

तिसरी गोष्ट कायद्याची. सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किती वेग लागतो? २००४ च्या धोरणात तो २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाला, आणि जानेवारी २०२३ पासून तो किमान २ एमबीपीएस आहे. म्हणजे नुसत्या व्याख्येच्या जोरावर भांडायला गेलो, तर हाती फारसं काही लागणार नाही. आपला आधार आपला प्लॅन. जाहिरातीत ‘पर्यंत’ हा शब्द कुठे आहे आणि प्लॅनच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय, ते वाचून ठेवा.

एक केबल, अर्धा निकाल

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. लॅपटॉप घ्या, वाय-फाय बंद करा आणि लॅन केबलने तो थेट राउटरला जोडा. घरातली बाकीची उपकरणं दहा मिनिटं बंद ठेवा, टीव्हीसुद्धा. मग स्पीड टेस्ट करा. तीन वेळा करा आणि आकडे कागदावर लिहा. त्यानंतर केबल काढून त्याच जागी वाय-फायवर, आणि मग बेडरूममध्ये जाऊन पुन्हा करा.

धरा, प्लॅन १०० चा आहे. केबलवर ९४ आले आणि बेडरूममध्ये १८. मग दोष वाय-फायचा. अशा वेळी २०० चा प्लॅन घेतला तरी बेडरूममध्ये १८ च्याच आसपास मिळणार. याउलट केबलवरच २० आले, तर राउटर कितीही भारी आणा, काही उपयोग नाही. इतकी साधी ही चाचणी आहे. तरी ती बहुतेक घरांत झालेली नसते, कारण हल्ली लॅन केबलच घरात नसते. शेजाऱ्याकडून आणा, पण करा. लॅपटॉपला लॅनची खाच नसेल तर बाजारात जोडणी मिळते.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्लॅन ३०० चा आहे आणि केबलवर आकडा नेहमी ९४-९५ वर अडकतो. असं दिसलं की केबलवर किंवा पोर्टवर संशय घ्यायचा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, पण १००० ला चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही, तर दोन्ही टोकांची यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालू असतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. जुन्या राउटरचं पोर्टच १०० चं असेल तरी हेच होतं.

वाय-फाय : भिंती, कपाटं आणि शेजारी

आपल्याकडे राउटर कुठे बसतो? जिथून वायर आत येते तिथे, म्हणजे दाराजवळ, टीव्हीच्या युनिटमध्ये किंवा शोकेसच्या मागे. आणि अभ्यास चालतो शेवटच्या खोलीत. मध्ये दोन भिंती, एक लोखंडी कपाट, एक मोठा आरसा. धातू आणि पाणी वाय-फायचे मोठे शत्रू. फिशटँकच्या मागे राउटर ठेवला असेल, तर मासे खूश राहतील, आपण नाही. राउटर घराच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर हवा.

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं. २.४ गिगाहर्ट्‌झ लांब जातं, भिंती बऱ्यापैकी ओलांडतं, पण हळू असतं. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं. शिवाय २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीनच : १, ६ आणि ११. सोसायटीत आजूबाजूला वीस राउटर असतील तर सगळे त्या तिघांतच गर्दी करतात. त्यामुळे राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५ वापरा, लांबच्या खोलीत २.४. तरी भागलं नाही, तर त्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर बसवणं हा पक्का उपाय. स्वस्तातले रिपीटर रेंजच्या दांड्या वाढवतात, पण तेच आलेलं सिग्नल पुन्हा हवेतून पुढे पाठवायचं असल्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो.

आणि हो, रिस्टार्टची चेष्टा करू नका. गर्दीतला चॅनेल सोडून राउटर दुसरा निवडतो, अडकलेलं काम मोकळं होतं. पण रोज रिस्टार्ट करावं लागत असेल, तर तो राउटर बदलायला आलाय.

फायबर : लाल दिवा आणि संध्याकाळची गर्दी

आता कंपनीच्या हद्दीत जाऊ. पेटीवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाश येतच नाही. तो प्रश्न सोपा, कारण तो सगळ्यांना दिसतो. अवघड असतो तो अर्धवट बिघाड. घरोघरी जे तंत्र वापरतात त्याचं नाव जीपॉन. त्यात पेटीपर्यंत येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात. नेहमीच्या उपकरणांना साधारण उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत ती लागते. उणे १९, उणे २० असेल तर निवांत. उणे २७ च्या पलीकडे गेली की नेट तुटत-जोडत राहतं. कारणं साधी असतात : दाराच्या फटीत दबलेली फायबर, सोफ्यामागे काटकोनात वळलेली, कनेक्टरवर धूळ, पावसाळ्यात गच्चीवरच्या जोडात शिरलेलं पाणी. तंत्रज्ञ घरी आला की विचारा, “दादा, पॉवर किती आली?” त्याच्याकडे मीटर असतो. आकडा लिहून ठेवा.

दुसरी अडचण गर्दीची. जीपॉनची एक फायबर खालच्या दिशेला सुमारे २.५ गिगाबिट नेते, आणि ती स्प्लिटरने बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण नळ सोडला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ च्या आसपास येतील. पण सगळे एकदम नळ सोडत नाहीत, म्हणून १०० चे प्लॅन विकता येतात. यात फसवणूक नाही, सगळ्या जगात असंच चालतं. प्रश्न येतो तो ग्राहक वाढले आणि मागची पाइप वाढवली नाही तेव्हा. बऱ्याच गावांत आणि उपनगरांत लोकल ऑपरेटर वरून बँडविड्थ घेऊन पुढे वाटतो, तिथे हे अधिक जाणवतं.

हे ओळखायचं कसं? केबलवरची तीच चाचणी सकाळी ७ ला, दुपारी ३ ला आणि रात्री ९ ला करा, सलग तीन दिवस. पहाटे ९५ आणि रोज रात्री २५ येत असतील, तर तुमचा राउटर रात्री आजारी पडत नसतो. गर्दी पुढे आहे. शेजारच्या दोन घरांनीही त्याच वेळी मोजलं आणि तिथेही आकडा पडला, तर तो तुमच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही.

वेग आहे, तरी अडकतं

कधी स्पीड टेस्ट झकास येते आणि कॉल मात्र तुटतो. याची दोन कारणं सांगतो. एक, टेस्टचा सर्व्हर बहुधा जवळचा, कित्येकदा कंपनीच्याच नेटवर्कमधला असतो. चौथा टप्पा त्यात मोजलाच जात नाही. म्हणून दूरच्या शहरातला सर्व्हर निवडूनही बघा. परदेशी साइटच अडकत असतील, तर समुद्राखालच्या केबलचाही प्रश्न असू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा भारतातल्या वापरकर्त्यांनाही त्याचा त्रास झाला. त्या वेळी घरचा राउटर बदलून काय होणार?

दुसरं कारण, विलंब. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. त्याला इलाज नाही. पण घरातला मोबाइल गुपचूप फोटोंचा बॅकअप चढवत असेल, तर अपलोडची रांग तुंबते आणि आपला आवाज त्या रांगेत उभा राहतो. परीक्षेच्या तासाला बॅकअप बंद, एवढं केलं तरी कित्येक घरांत फरक पडतो.

तक्रार : लेखी, आकड्यांसह

आता फोन लावा. ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. असं लिहा :

“प्लॅन १०० एमबीपीएस. लॅन केबलने थेट जोडून, इतर उपकरणं बंद ठेवून तीन दिवस मोजणी केली. सकाळी ७ वाजता सरासरी ९३, रात्री ९ वाजता सरासरी २४. ऑप्टिकल पॉवर उणे २०. राउटर आणि केबल तपासली आहे. संध्याकाळच्या वेगाची तपासणी करून लेखी उत्तर द्यावे.”

याला ‘रिस्टार्ट करून बघा’ हे उत्तर देता येत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो द्यावाच लागतो. समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. त्याला फी नाही आणि निकालासाठी ३९ दिवसांची मुदत आहे. खुद्द ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे लक्षात ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि शेवटचा मार्ग ग्राहक आयोगाचा. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

श्रोत्यांचा प्रश्न

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये एकच ऑपरेटर आहे. जास्त बोललो तर तो येणंच बंद करेल. मग काय करायचं?

उत्तर : ही भीती खरी आहे, आम्ही ती अनेकांकडून ऐकतो. म्हणूनच एकट्याने भांडू नका. पाच घरांनी एकाच आठवड्यात मोजणी करा, एका कागदावर पाच रकाने करा आणि सोसायटीच्या नावाने पत्र द्या. ऑपरेटरलाही त्याचा उपयोग होतो बरं का. वरच्या कंपनीकडे जास्त बँडविड्थ मागताना त्याच्या हातातही पुरावा नसतो, तो तुम्ही दिलात. आणि कमिटीला सांगा, दुसऱ्या कंपनीला डक्टमधून वायर टाकू द्या. दोन दुकानं असली की दोघांचीही वागणूक सुधारते.

आज घरी गेल्यावर एवढंच करा : लॅन केबल शोधा आणि पहिला आकडा लिहा.