विजेची व्हॅन आणि सरकारी पैसा: पार्सिपनीतल्या धंदेवाल्यांसाठी थोडी सफाई

उत्तर न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत, रूट 46 च्या कडेने आणि लेक हियावाथाच्या बाजारपेठेत, किराणा, केटरिंग, मिठाई, घरदुरुस्ती असे छोटे धंदे भरपूर आहेत आणि त्यांतले बरेचसे भारतीयांचे आहेत. धंद्यासाठी विजेची गाडी घ्यावी का, असा विषय निघाला की दोन मतं हमखास पुढे येतात. पहिलं मत असं, की सरकार इतके पैसे देतं की गाडी जवळजवळ फुकट पडते. दुसरं असं, की 2025 मध्ये वॉशिंग्टनने सगळंच बंद केलं, आता हाती काही लागायचं नाही. ही मतं एकमेकांच्या विरोधात दिसत असली तरी दोन्हींचं मूळ एकच आहे. सबसिडी नावाची एकच मोठी थैली आहे आणि ती एकतर उघडी आहे किंवा बंद, असं दोन्हींत धरून चाललेलं असतं. प्रत्यक्षात पैसा निरनिराळ्या खिशांतून येतो आणि प्रत्येक खिसा उघडण्याआधी वेगळीच गोष्ट पाहतो: कुणी गाडीचं वजन पाहतं, कुणी दुकानाचा पत्ता, तर कुणी कॅलेंडर. मालकाला गाडीची किती निकड आहे, हे मात्र कुणीच पाहत नाही.

आधी बंद झालेल्या खिशाबद्दल. ऑगस्ट 2022 मध्ये संमत झालेल्या इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्टने आयकर कायद्यात 45 डब्ल्यू नावाचं कलम आणलं. धंद्यासाठी घेतलेल्या विजेच्या गाडीवर 14,000 पौंडांच्या आत 7,500 डॉलरपर्यंत आणि त्याहून जड गाडीवर 40,000 डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट मिळण्याची ती सोय होती. या कलमातली एक अट बारकाईने वाचण्यासारखी आहे. गाडीच्या किमतीचे 30 टक्के, किंवा तशाच पेट्रोल वा डिझेल गाडीपेक्षा ती जितकी महाग पडते तो फरक, यांतली जी रक्कम कमी असेल तेवढंच क्रेडिट. म्हणजे सरकार गाडीचे पैसे देत नव्हतं, महागाईचा फरक भरून देत होतं आणि तोही एका मर्यादेपर्यंत. (पूर्ण विजेच्या लहान गाड्यांबाबत हा फरक 7,500 च्या वरच असतो, असं केंद्राच्या करखात्याने, आयआरएसने, मान्य करून टाकलं होतं, त्यामुळे त्यांच्या खरेदीदारांना ही अट जाणवली नाही.) 4 जुलै 2025 च्या नव्या कायद्याने ही सोय संपवली आणि 30 सप्टेंबर 2025 नंतर घेतलेल्या गाडीला ती लागू नाही. पण इथेही एक गैरसमज आहेच. गाडी त्या तारखेपर्यंत दारात उभी असायलाच हवी होती, असं पुष्कळांनी गृहीत धरलं. आयआरएसच्या खुलाशानुसार त्या तारखेपर्यंत बंधनकारक लेखी करार झालेला असणं आणि काही रक्कम दिलेली असणं पुरेसं होतं. गाडी नंतर आली तरी ती वापरात आल्यावर क्रेडिट मागता येत होतं. ज्यांनी सप्टेंबरात करार करून आगाऊ रक्कम भरली आणि गाडी नोव्हेंबरात घेतली, त्यांनी ते कागद सीपीएला दाखवल्याशिवाय फाइल बंद करू नये.

हे क्रेडिट म्हणजे चेक, हाही तितकाच जुना समज. 2024 पासून घरगुती खरेदीदाराला आपलं क्रेडिट डीलरकडे वळतं करून किमतीतच सूट घेता येत होती. धंद्याच्या 45 डब्ल्यूला ती मुभा कधीच नव्हती. ते करातून वळतं व्हायचं, तेही कर भरायचा असेल तरच. ज्या वर्षी धंदा तोट्यात, त्या वर्षी हातात शून्य, फक्त पुढच्या वर्षांत ओढता येणारी नोंद. गंमत अशी, की धंद्यांसाठीच्या या कलमाचा फायदा अनेक नोकरदार कुटुंबांना झाला. लीजवर दिलेल्या गाडीची मालक लीज कंपनी असते, म्हणून क्रेडिट तिने घ्यायचं आणि वाटलं तर हप्त्यात उतरवायचं. 'मला लीजवर साडेसात हजार मिळाले' असं सांगणाऱ्याला सरकारने काही दिलेलं नव्हतं. दिलं ते लीज कंपनीने, स्वतःच्या मर्जीने. त्याचं पाहून शेजारच्या दुकानदाराने आपल्यालाही तसेच मिळतील असा हिशेब मांडला, तर तो चुकणारच.

आता राज्याचा खिसा. न्यू जर्सी इकॉनॉमिक डेव्हलपमेंट ऑथॉरिटीची 'एनजे झिप' ही योजना 2021 मध्ये सुरू झाली. ती क्रेडिट देत नाही, व्हाउचर देते. विक्रेता किमतीतून तेवढी रक्कम कमी करतो आणि नंतर ऑथॉरिटीकडून वसूल करतो, त्यामुळे तोट्यातल्या धंद्यालाही तिचा उपयोग होतो. दुसऱ्या टप्प्यात व्हाउचरची मूळ रक्कम गाडीच्या वर्गानुसार 20,000 पासून 1,75,000 डॉलरपर्यंत होती. हे आकडे ऐकले की कुणाचेही डोळे चमकतील. पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून चौकटीवर चिकटवलेलं लेबल आधी वाचावं. त्यावर ग्रॉस व्हेईकल वेट रेटिंग लिहिलेलं असतं, म्हणजे गाडी, माल आणि माणसं मिळून पेलवणारं कमाल वजन. योजनेचा दरवाजा 'टू बी' वर्गापासून उघडतो आणि तो वर्ग 8,501 पौंडांपासून सुरू होतो. फोर्ड ई-ट्रान्झिटसारखी माल वाहणारी व्हॅन त्यात बसते. विमा एजंट किंवा घरांचे व्यवहार करणारा रिअल्टर ज्या सेडानमधून किंवा छोट्या एसयूव्हीमधून हिंडतो ती बसत नाही, मग तिच्या दारावर कंपनीचं नाव रंगवलेलं असो वा नसो. शिवाय टॅक्स क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. राज्याचा कर थकलेला असेल तर तिथेच गाडं अडतं. छोट्या धंद्यांना, तसंच अल्पसंख्याक, स्त्रिया किंवा माजी सैनिक मालक असलेल्या धंद्यांना वाढीव रक्कम ठेवलेली आहे. 'आपण कसले अल्पसंख्याक' म्हणून तो रकाना कोरा सोडणारे भारतीय दुकानदार स्वतःचं नुकसान करून घेतात. आशियाई मालकीचा धंदा त्या व्याख्येत येतो, फक्त राज्याचं तसं प्रमाणपत्र आधी काढून ठेवावं लागतं. आणि अर्ज गाडी घेण्याआधी करायचा असतो. गाडी घेऊन मग व्हाउचर मागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

राज्याची दुसरी योजना 'चार्ज अप न्यू जर्सी' जास्त लोकांना ठाऊक आहे, आणि गोंधळही तिचाच जास्त आहे. जानेवारी 2020 च्या कायद्याने ती आली आणि काही हजार डॉलर किमतीतून थेट कमी होतात, हे खरं. पण ती राज्यातल्या रहिवाशांसाठी आहे. कंपनीच्या नावे गाडी घेतली की ती सूट गेली. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला म्हणूनच गाडी स्वतःच्या नावे घेणं बऱ्याचदा सोयीचं पडतं. धंद्याच्या मैलांची नोंदवही ठेवायची आणि आयआरएसच्या ठरलेल्या दराने वजावट घ्यायची. 2025 साठी तो दर मैलाला 70 सेंट होता, पेट्रोलच्या गाडीला जेवढा तेवढाच विजेच्या गाडीला. विजेवर मैलाचा खरा खर्च कमी येतो आणि वजावट मात्र पूर्ण मिळते. हा फायदा कुठल्याच जाहिरातीत नसतो, पण रोज शंभर मैल हिंडणाऱ्यासाठी तो एकरकमी सवलतीपेक्षा मोठा ठरू शकतो.

मग घसाऱ्याचं काय? 2025 च्या त्याच कायद्याने, 19 जानेवारी 2025 नंतर घेतलेल्या धंद्याच्या मालमत्तेवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा कायमचा परत आणला. त्यावरून 'गाडी शंभर टक्के माफ' अशी भाषा सुरू झाली. वजावट म्हणजे माफी नव्हे. पूर्णपणे धंद्यासाठी असलेली 50,000 डॉलरची व्हॅन आणि 24 टक्क्यांचा कर धरला तर वाचतात 12,000. पुढे व्हॅन विकली की मिळालेली रक्कम उत्पन्नात धरली जाते. हलक्या प्रवासी गाडीला तर वेगळी मर्यादा आहे, 2025 मध्ये पहिल्या वर्षी 20,200 डॉलर. शिवाय न्यू जर्सी हा केंद्राचा बोनस घसारा मानत नाही आणि सेक्शन 179 खाली, म्हणजे खरेदीची किंमत पहिल्याच वर्षी वजा करू देणाऱ्या कलमाखाली, 25,000 डॉलरपर्यंतच वजावट देते, म्हणून राज्याच्या विवरणपत्रात वेगळा हिशेब मांडावा लागतो. पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ही वजावट डिझेलच्या व्हॅनलाही तशीच मिळते. जी सवलत दोन्ही पारड्यांत सारखी पडते ती काटा हलवत नाही. विजेच्या बाजूने तिचा दाखला देणाऱ्या विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारावा.

चार्जरच्या बाबतीत गैरसमज आणखी दाट आहेत. घरी चार्जर बसवणाऱ्याला 30 टक्के, कमाल 1,000 डॉलर क्रेडिट मिळतं हे ऐकलेलं असतं आणि दुकानालाही तेच लागू असेल असं वाटतं. धंद्याला 30 सी कलमाखाली मूळ दर 6 टक्केच आहे. मजुरीच्या आणि शिकाऊ कामगारांच्या अटी पाळल्या तरच तो 30 टक्के होतो, एका चार्जरमागे 1 लाख डॉलरच्या मर्यादेत. त्याहून मोठी अडचण पत्त्याची. जागा कमी उत्पन्नाच्या किंवा बिगरशहरी जनगणना-विभागात असावी लागते. 56,000 वस्तीचं, नोकरदारांचं पार्सिपनी बिगरशहरी तर नाहीच, गरीबही म्हणवत नाही. म्हणून पत्त्याचा विभाग क्रमांक तपासल्याखेरीज ही रक्कम हिशेबात धरूच नये. 2025 च्या कायद्याने या क्रेडिटची मुदतही 30 जून 2026 पर्यंतच ठेवली, त्या तारखेपर्यंत वापरात आलेल्या चार्जरपुरती. त्यापेक्षा वीज कंपनीचा खिसा जास्त कामाचा. इथली वीज जर्सी सेंट्रल पॉवर अँड लाइटची. तिच्या 'ईव्ही ड्रिव्हन' कार्यक्रमात मेक-रेडी कामाला, म्हणजे खांबापासून चार्जरच्या पायापर्यंतच्या तारा, पॅनेल, चर खोदणं यांना मदत मिळते. धंद्याच्या जागी चार्जरच्या यंत्रापेक्षा हे खोदकाम आणि पॅनेलच महाग पडतं, हे पहिलं कोटेशन आल्यावरच बहुतेकांना कळतं. आणि फास्ट चार्जर हवाच, असंही नाही. 2022 च्या ई-ट्रान्झिटची वापरता येणारी बॅटरी 68 किलोवॉट-तासांची आणि चांगल्या चार्जरवर ती साधारण आठ तासांत भरते. दुकान बंद असताना तेवढे तास मिळतातच. फास्ट चार्जर बसवला की विजेच्या बिलात कमाल मागणीचा आकार चढतो, आणि तो अनुदानातून कुणी भरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप असा, की धंदेवाल्यांच्या गाड्यांसाठी बाकीच्यांनी कर का भरावा? उत्तर पैशाच्या उगमात आहे. झिपचा पैसा रिजनल ग्रीनहाऊस गॅस इनिशिएटिव्ह या राज्यांच्या गटाच्या लिलावातून येतो. वीजनिर्मिती केंद्रं कार्बन सोडण्याचे परवाने विकत घेतात, त्यातून. न्यू जर्सी या गटातून गव्हर्नर क्रिस ख्रिस्टींच्या काळात बाहेर पडली होती आणि 2020 मध्ये परत आली. हा खर्च शेवटी काही अंशी वीज ग्राहकाच्याच बिलात उतरतो, हे लपवण्यात अर्थ नाही. चार्जरसाठीच्या राज्य अनुदानात मात्र फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्याच्या तडजोडीतले पैसे आहेत. त्यातला न्यू जर्सीचा वाटा 7.2 कोटी डॉलरहून जास्त होता. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: एका हाताने देतात आणि दुसऱ्याने घेतात. यात तथ्य आहे. विजेच्या गाड्यांवरची विक्रीकराची माफी ऑक्टोबर 2024 मध्ये निम्मी झाली आणि 1 जुलै 2025 पासून पूर्ण 6.625 टक्के कर लागतो, म्हणजे 50,000 च्या गाडीवर 3,300 डॉलरच्या वर. नोंदणीवर 1 जुलै 2024 पासून वर्षाला 250 डॉलरचा जादा आकार आला आणि तो दरवर्षी 10 ने चढतो. मात्र हा आकार म्हणजे सूड नाही. 2025 मध्ये राज्याचा पेट्रोलवरचा कर गॅलनमागे 44.9 सेंट होता. गॅलनला 25 मैल देणारी गाडी वर्षाला 12,000 मैल चालली तर तो कर सुमारे 215 डॉलर होतो आणि 20,000 मैल चालली तर सुमारे 360. म्हणजे कमी फिरणाऱ्या घरगुती गाडीला हा आकार जाचतो, खूप फिरणाऱ्या धंद्याच्या गाडीला नाही.

विजेचीच गाडी घेण्याची सक्ती होईल, या भीतीबद्दल थोडक्यात. न्यू जर्सीने 2021 च्या अखेरीस स्वीकारलेला कॅलिफोर्नियाचा ट्रकांचा नियम उत्पादकांनी किती विजेचे ट्रक विकावेत याबद्दल होता. दुकानदाराने काय विकत घ्यावं, याबद्दल नव्हता. त्याचा कॅलिफोर्नियातला आधारही 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसने काढून घेतला आणि वाद न्यायालयात गेला.

अनुदानावर बेतलेला धंदा किती नाजूक असतो, हे भारतात दिसलंच आहे. 'फेम-2' योजनेत विजेच्या दुचाकींवरची मदत जून 2023 मध्ये किमतीच्या 40 टक्क्यांच्या मर्यादेवरून 15 वर आणली, आणि त्याच महिन्यात विक्री खाली आली. अमेरिकेतही 30 सप्टेंबर 2025 च्या आधी झुंबड उडाली आणि नंतर बाजार थंड पडला. म्हणून पार्सिपनीतल्या केटररने हिशेब आधी अनुदान शून्य धरून मांडावा: रोजचे मैल, आजचं डिझेलचं बिल, रात्रीचा वीजदर, सहा-सात वर्षांची दुरुस्ती. रोज साठ-सत्तर मैल ठरलेल्या मार्गावर फिरणारी आणि रात्री एकाच जागी उभी राहणारी व्हॅन त्या कागदावर तग धरण्याची शक्यता बरी असते. फिलाडेल्फियापर्यंत लग्नाचं जेवण घेऊन जाणारी कदाचित नाही, आणि तिथे वीस हजारांचं व्हाउचरही अंतर कमी करत नाही. कागद जमला तर पुढचं काम मात्र डीलरकडे जाण्याचं नाही. रूट 46 वरचे बहुतेक गाळे भाड्याचे आहेत आणि पार्किंग लॉट जागामालकाचा. चर तिथेच खणायचा आहे, पॅनेलही त्याचंच आहे, आणि वीज कंपनी त्याच्या लेखी संमतीशिवाय अर्ज पुढे सरकवणार नाही. भाडेपत्राची दोनच वर्षं उरली असतील तर आधी ते वाढवून घ्यावं लागेल, आणि चार्जर कुणाच्या मालकीचा राहील तेही त्यातच लिहून घ्यावं लागेल.