बॅट कशी धरायची? आधी विचारा, फटका कुठे मारायचा!



मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. चौथीतला एक मुलगा बॅटचा दांडा अगदी खाली, पात्याजवळ धरायचा. मी म्हटलं, "अरे, वर धर!" त्यानं ऐकलं. पण त्याला चेंडू लागेचना. चार दिवसांनी तो खेळायलाच येईना. मग मी विचार करायला लागलो, पकडीचं नेमकं काम काय?

आपल्याकडे लाकूड फोडणारा माणूस बघा. कुऱ्हाड उचलताना त्याचा एक हात पात्याजवळ असतो, घाव घालताना तोच हात घसरत खाली येतो. पात्याजवळ धरलं की वजन ताब्यात राहतं. दांड्याच्या टोकाशी धरलं की घेर मोठा होतो, वेग वाढतो.

बॅटचंही तसंच आहे. दांडा वर धरला तर लांबचा, जोरदार फटका बसतो. पण बॅट जड वाटते. खाली धरला तर बॅट पटकन वळते, मात्र पोहोच कमी होते. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीमधला 'व्ही' एका रेषेत असेल तर सरळ फटका सोपा जातो. खालचा हात दांड्याच्या मागे वळला की बॅटचं तोंड मिटतं आणि चेंडू लेग साइडला जातो. गोल्फमध्येही उजव्या हाताच्या खेळाडूनं पकड उजवीकडे फिरवली की चेंडू डावीकडे वळायला लागतो. बेन होगन या अमेरिकन खेळाडूनं आपला असा वळणारा चेंडू पकड बदलूनच सरळ केला.

आता आपला सचिन तेंडुलकर. तो बॅट खालीच धरायचा. का? लहानपणी तो मोठा भाऊ अजितच्या बॅटनं खेळायचा. ती मोठी बॅट पेलायची तर खालीच धरावी लागणार! पुढे पकड बदलण्याचा सल्ला मिळाला, त्यानं करूनही पाहिलं, पण ते सोयीचं वाटलं नाही. त्याच पकडीनं त्यानं 100 आंतरराष्ट्रीय शतकं केली.

म्हणून मुलाची पकड बदलण्याआधी तीन गोष्टी बघा:

1. बॅट त्याच्या उंचीला आणि ताकदीला साजेशी आहे का?
2. त्याला चेंडू कुठे मारायचा आहे?
3. चेंडू तिकडे जातोय का?

जात असेल तर हात लावू नका. जात नसेल तर एकच बदल सुचवा आणि आठवडाभर थांबा.

माझ्या विद्यार्थ्याला बॅटच मोठी होती. लहान बॅट दिली, तर त्याचा हात आपोआप वर सरकला. मला काही सांगावंच लागलं नाही.

तुमच्या शाळेतला अनुभव जरूर कळवा.