वणीच्या रस्त्यावर काचेला टवका का उडतो?

वणी-घुग्घुस रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागे रोज गाडी हाकणाऱ्याला पुढच्या काचेवरचे बारीक टिपके काही नवे नाहीत. रात्री समोरून दिवे आले की ते सगळे एकदम चमकतात. खापर अर्थातच कोळशावर फुटते. कोळसा मात्र काचेपेक्षा पुष्कळ मऊ आहे. त्याची काळी पूड बसते आणि पुसली की जाते. काच खरवडतो तो वाळूचा कण. त्यातल्या क्वार्ट्झचे काठिण्य मोहस् मापक्रमावर 7, तर काचेचे साधारण साडेपाच.

मग काच आणखी कठीण केली की झाले? प्रश्न तेवढ्यावर सुटत नाही. गाडीची काच खिडकीच्याच जातीची असते: सुमारे 72 टक्के सिलिका, 13-14 टक्के सोडा, उरलेला बहुतेक चुना आणि थोडे मॅग्नेशिया. शुद्ध सिलिका वितळवायला 1700 अंशांच्या आसपास तापमान लागते. सोडा घातला की ते बरेच उतरते आणि काच स्वस्त पडते, पण नुसत्या सोडा-सिलिकेची काच पाण्यात विरघळते. तिला टिकाऊ करतो तो चुना. राजूरच्या चुनाभट्ट्या पाहिलेल्या वणीकरांना चुनखडीचा हा उपयोग कदाचित ठाऊक नसेल.

स्वस्ताईची किंमत मात्र मोजावी लागते. काच म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनची वेडीवाकडी जाळी. शुद्ध सिलिकेत किंवा प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेत या जाळीत मोकळी जागा असते. टोकदार कण रुतला तर जाळी तिथल्या तिथे दबते. साध्या काचेत त्या जागा सोडियम-कॅल्शियमने अडवलेल्या. दबायला वाव कमी, म्हणून काच बाजूला रेटली जाते आणि ताण साठतो. कण उसळून परत फिरला की हा ताण पृष्ठभागाला समांतर चिरा पाडतो. टवका उडतो तो या क्षणी, घाव बसून गेल्यावर! बोथट गोट्यापुढे मात्र बोरोसिलिकेटचीही मिजास चालत नाही. तिथे शंकूच्या आकाराची चीर पडते.

1998 मध्ये जितेंद्र सेहगल आणि सेत्सुरो इतो यांनी सोडा-चुना-सिलिकेच्याच घराण्यातली, पण घटकांचे प्रमाण बदललेली कमी ठिसूळ काच मांडली. मोबाइलची वाट वेगळी आहे. अॅल्युमिनियमयुक्त काच पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. लहान सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियम घुसते, पृष्ठभाग आवळला जातो आणि चीर उघडायला आधी तो दाब मोडावा लागतो. गाडीच्या भल्यामोठ्या काचेला हे महाग पडते.

पावसाळ्यात जुना टवका अचानक लांबतो, त्याचे कारण पाणी. चिरेच्या टोकाशी ताणलेला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध पाण्याचा रेणू सहज तोडतो. म्हणून टवका पडताच त्यावर चिकटपट्टी लावावी आणि लवकर रेझिन भरून घ्यावे. आणि धुरळा बसलेल्या कोरड्या काचेवर वायपर अजिबात फिरवू नये. आधी पाणी मारावे.