दोरी ओढायची मुभा
कामाची माणसं : लेखांक ६

पगार अपुरा असेल तर बाकीचे सगळे उपाय वाया जातात, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. पण पगार चांगला आणि युनियन तगडी असूनही माणसं कामातून अंग काढून घेतात, ते का? याचं उत्तर शोधायला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉण्टला जावं लागेल.

तिथला जनरल मोटर्सचा मोटार कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. कामगारांना मिळकत वाईट नव्हती. तरी कुठल्याही दिवशी पाचातला एक जण दांडी मारून घरी असायचा. युनियनच्या तक्रारी हजारोंनी तुंबलेल्या. काही जण गाडीच्या दारात मुद्दाम बाटली ठेवून दार बंद करत, म्हणजे विकत घेणाऱ्याच्या नशिबी कायमचा खडखडाट, असं तिथलेच जुने कामगार पुढे सांगत. व्यवस्थापनाचं निदान ठरलेलं होतं : माणसंच वाईट आहेत.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. नाव पडलं नमी. युनियन तीच, आणि घेतलेल्या कामगारांपैकी बहुतेक जण जुन्याच कारखान्यातले. म्हणजे ‘वाईट माणसं’ जशीच्या तशी परत आली! आणि दांडीचं प्रमाण वीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर उतरलं. गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळपास गेला.

मधे काय बदललं, तर बऱ्याच गोष्टी, आणि त्यातल्या पुष्कळशा बिनखर्चाच्या. साहेबांचं वेगळं कॅण्टीन गेलं, गाड्या लावायच्या राखीव जागा गेल्या. लाइनवर डोक्याच्या वर एक दोरी आली. काम चुकतंय किंवा आपल्याच्यानं वेळेत होत नाहीये असं वाटलं की कामगारानं ती ओढायची. लगेच लाइन थांबत नसे. आधी दिवा लागे, सूर वाजे आणि टीम लीडर धावत येई. दोघांनी मिळून अडचण सुटली तर ठीक, नाहीतर लाइन थांबे. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे जवळजवळ गुन्हा होता. चुकीची गाडी पुढे जाऊ द्यायची, दुरुस्ती शेवटी बघू, असा शिरस्ता. त्यामुळे दोरी हातात आली तरी ती ओढण्याचं धाडस व्हायला वेळ लागला. दोरी ओढल्यावर खेकसणारा नव्हे, मदत करणारा माणूस येतो, हे पुन्हा पुन्हा दिसलं तेव्हाच विश्वास बसला.

मला याहून मोलाची वाटते ती घड्याळाची गोष्ट. पूर्वी कुठल्या कामाला किती सेकंद लागावेत हे इंजिनिअर मंडळी ठरवायची आणि कामगार त्यांना चकवण्यात धन्यता मानायचे. नमीत स्टॉपवॉच कामगारांच्याच हाती दिलं. टीमनं आपलं काम आपण मोजायचं, सोपी पद्धत शोधायची, ती लिहून काढायची आणि पुढच्या शिफ्टशी ताडून बघायची. शिस्त पूर्वीपेक्षा कडकच होती, पण ती घालणारे हात कामगारांचे होते. १९९१ मध्ये कामगारांकडून दहा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त अमलात आल्या.

आपल्याकडची सूचनापेटी आठवा. भिंतीवर टांगलेली, कुलूपबंद, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. लोक सूचना देत नाहीत अशी तक्रार एचआरवाले करतात. लोकांनी एकदा दिलेली असते. उत्तर आलेलं नसतं. ‘आपण सांगून काय होणार’ हे वाक्य अनुभवातूनच तयार होतं.

नमीतल्या या सगळ्यामागे एक भरवसाही होता. कारखान्याचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कपात करणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी वरच्या अधिकाऱ्यांचे पगार कमी करू, असा शब्द कंपनीनं युनियनशी केलेल्या करारात दिला होता. १९८८ च्या सुमाराला मागणी पडली, कारखाना जेमतेम साठ टक्के क्षमतेवर चालला. तरी कुणाला घरी बसवलं नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिलं, सुधारणेच्या कामांना लावलं. काम सोपं करण्याची युक्ती सांगितली तर आपलीच नोकरी जाईल, अशी भीती असताना कोण तोंड उघडेल?

सगळं गोड होतं असं नाही. यात माणसाला सतत ताणाखाली ठेवतात, श्वास घ्यायलाही फट उरत नाही, अशी टीका कामगार चळवळीतल्या अभ्यासकांनी केली, आणि तिच्यात तथ्य आहे. शिवाय जनरल मोटर्सला हे आपल्या इतर कारखान्यांत रुजवायला फार वर्षं लागली. दोरी विकत मिळते, ती ओढल्यावर न चिडणारा फोरमन मिळत नाही. नमीही टिकली नाही. २००९ मध्ये जनरल मोटर्स बाहेर पडली, २०१० मध्ये कारखाना बंद झाला आणि जागा टेस्लाकडे गेली. तो निर्णय वरच्या मजल्यांवरचा. लाइनवरच्या माणसांनी हात आखडले म्हणून काही तो झाला नव्हता.

मग चाकणच्या वर्कशॉपात, नागपूरच्या एखाद्या कार्यालयात किंवा बँकेच्या शाखेत यातलं काय करता येईल? वाढदिवसाचा केक आणि ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ची तसबीर खुशाल चालू ठेवा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. शिफ्टच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटं उभ्याउभ्या बोला आणि ‘काल काय अडलं’ एवढंच विचारा. आलेल्या प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत उत्तर द्या. नकार असला तरी चालेल, कारण मात्र सांगा. कामाची पद्धत बदलायची असेल तर ते काम रोज करणाऱ्याला आधी बोलवा. आणि चूक स्वतःहून दाखवणाऱ्यावर पहिल्याच वेळी ओरडलात, तर दुसरी वेळ येणार नाही, हे ध्यानात असू द्या.

हे वाचणाऱ्यांत कुणी सुपरवायझर किंवा शाखाप्रमुख असतील, तर त्यांना एक विनंती. सोमवारी सूचनापेटीची किल्ली शोधा, आतल्या चिठ्ठ्या वाचा आणि सर्वांत जुन्या चिठ्ठीला उत्तर द्या. पुढच्या लेखांकात पाहू, मधल्या फळीतल्या साहेबांचं स्वतःचंच मन कामातून उडालं असेल तर काय करायचं.