देशी उद्योगांना संरक्षण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशी मालावरचे आयात शुल्क वाढले की आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. कोणी म्हणते, देशी उद्योग वाचला. कोणी म्हणते, पुन्हा लायसन्सराज आले. दोघेही घाई करतात. संरक्षण कोणाला दिले, किती काळासाठी दिले आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हे पाहिल्याशिवाय त्याचे बरेवाईट ठरवता येत नाही. या विषयावरचे पाच गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १: परदेशी माल स्वस्त आला, म्हणजे डम्पिंग झाले.

वस्तुस्थिती: नुसता स्वस्त माल विकणे म्हणजे डम्पिंग नव्हे. निर्यातदार स्वतःच्या देशात ज्या किमतीला माल विकतो, त्याहून कमी किमतीत तो इथे पाठवत असेल, तर ते डम्पिंग. तेही तपासातून सिद्ध व्हावे लागते. ही चौकशी वाणिज्य मंत्रालयाचे व्यापार उपाय महासंचालनालय करते. अर्जामागे देशातील एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के उत्पादन करणारे कारखानदार उभे असावे लागतात. डम्पिंग झाले, देशी उद्योगाचे नुकसान झाले आणि ते नुकसान डम्पिंगमुळेच झाले, अशा तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. डम्पिंगमुळे किमतीत पडलेला फरक आणि नुकसान भरून निघण्यासाठी लागणारी रक्कम यांपैकी जी कमी, तेवढेच शुल्क सुचवले जाते. त्याची मुदत साधारण ५ वर्षे असते. पुन्हा आढावा घेतल्याशिवाय ती वाढत नाही. शिवाय महासंचालनालय फक्त शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही, हे अर्थ मंत्रालय ठरवते आणि काही वेळा शिफारस नाकारतेही.

गैरसमज २: आयात शुल्क परदेशी कंपनी भरते.

वस्तुस्थिती: न्हावाशेवा बंदरात कंटेनर उतरला की शुल्क भरतो तो इथला आयातदार. समजा, माल १०० रुपयांचा आहे आणि मूळ सीमाशुल्क १० टक्के आहे. त्या १० रुपयांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १ रुपया. झाले १११ रुपये. आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक वस्तू व सेवा कर, लागतो तो या १११ वर. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आयजीएसटीची वजावट मिळते, पण आधीचे ११ रुपये मालाच्या किमतीतच मुरतात. परदेशी विक्रेता कधी कधी भाव थोडा उतरवून त्यातला काही भार सोसतो. उरलेला भार इथल्या ग्राहकावर येतो.

अमेरिकेने २०१८ च्या जानेवारीत आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावले, तेव्हा हेच दिसले. अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार मशीनच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी चढल्या. शुल्क न लागलेले कपडे वाळवण्याचे यंत्रही तितकेच महागले, कारण दोन्ही यंत्रे बहुधा जोडीने विकली जातात.

गैरसमज ३: संरक्षण दिले की सगळ्याच देशी उद्योगांचे भले होते.

वस्तुस्थिती: एका कारखान्याचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो. पॉलिस्टरसाठी लागणाऱ्या पीटीए या रसायनाचे उदाहरण बघा. ते बनवणारे देशी कारखाने मोजके आणि मोठे. त्यांच्या संरक्षणासाठी आयात पीटीएवर डम्पिंगविरोधी शुल्क होते. पण पीटीए महागले की धागा महागतो आणि त्याची झळ भिवंडी-सुरतच्या यंत्रमागापर्यंत पोहोचते. शेवटी फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी हे शुल्क सार्वजनिक हितासाठी रद्द केल्याचे जाहीर केले.

पोलादाचेही तेच. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने काही सपाट पोलाद उत्पादनांच्या आयातीवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते सुरक्षा शुल्क लावले. पोलाद कंपन्यांना दिलासा मिळाला. पण पत्रा विकत घेऊन सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखानदाराचा खर्च अशा शुल्काने वाढतो. तोही देशी उद्योगच आहे, आणि त्याच्याकडे दिल्लीत बाजू मांडायला वकिलांची फौज नसते.

गैरसमज ४: प्रगत देश खुल्या व्यापारानेच मोठे झाले.

वस्तुस्थिती: इंग्लंडने १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी भारतीय छापील सुती कापडाला आपल्या बाजारातून हद्दपार केले. अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्येच नव्या उद्योगांना सरकारी आधार देण्याची मांडणी केली आणि यादवी युद्धानंतर कित्येक दशके तिथे चढे आयात शुल्क होते. भारताच्या वाट्याला मात्र उलटे आले. १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क लावताना सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच उत्पादन कर बसवला, म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना तोटा नको! मुंबईच्या गिरण्यांनी हा अन्याय १९२५ पर्यंत सोसला.

गैरसमज ५: संरक्षणाने उद्योग लाडावतातच, किंवा, संरक्षण दिले की उद्योग उभा राहतोच.

वस्तुस्थिती: दोन्ही विधाने अर्धवट आहेत. संरक्षण हा पांगुळगाडा आहे. तो कधी काढून घ्यायचा, हे आधीच ठरलेले हवे.

१९३२ च्या कायद्याने साखर उद्योगाला मुदतीचे संरक्षण मिळाले. तेव्हा देशात आधुनिक साखर कारखाने जेमतेम ३० च्या आसपास होते. पाच-सहा वर्षांत ते सव्वाशेच्या पुढे गेले आणि जावाहून येणारी साखर जवळजवळ थांबली. वालचंदनगर, माळीनगरचे कारखाने याच दशकातले. याउलट, मोटारींना दशकानुदशके संरक्षण होते आणि घरच्या बाजारातही स्पर्धा नव्हती. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी मूळ फियाटच्या घडणीतून फारशी बाहेर पडलीच नाही.

बाजार संरक्षित असूनही देशात चुरस असेल तर काय होते, ते पुण्यात दिसले. १९८० च्या दशकात जपानी तंत्रज्ञानावर बनलेले हलके ट्रक आले, तेव्हा टाटांच्या टेल्को कंपनीने १९८६ मध्ये स्वतः घडवलेला ४०७ हा ट्रक रस्त्यावर आणला आणि तो टिकला. घरच्या स्पर्धेने कंपनीला धारेवर धरले होते.

संरक्षण द्यावे कोणाला, याचा निकष मुंबईच्या सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय आयोगाने १९२२ मध्येच घालून दिला होता: उद्योगाला देशात नैसर्गिक अनुकूलता हवी, संरक्षणाशिवाय तो वाढणे अवघड असावे, आणि पुढे तो संरक्षणाविना जगाशी टक्कर देऊ शकेल अशी खात्री हवी. यातला तिसरा निकष आपण सर्वाधिक विसरतो. तेव्हा यापुढे शुल्कवाढीची बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा: मुदत किती, वाढीव किंमत कोण भरणार, आणि त्या मुदतीत कारखानदाराने काय करून दाखवायचे आहे? यांची उत्तरे जाहीरपणे मागणे हा शुल्काचा भार उचलणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे.